राक्षसाची भाषा कुणी काढून घेतली?

भुताखेतांचे सिनेमे हा माझा जुना शौक. शिक्षिकेला हे शोभत नाही, असं घरातली वडीलधारी मंडळी अजूनही म्हणतात. लहानपणी मोहल्ल्यात भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर रामसे बंधूंचे सिनेमे आम्ही चादरीआडून पाहिले. पुढे इंग्रजी भयपट पाहायला लागले. या उन्हाळ्याच्या सुटीत मात्र ठरवून मागे गेले. हॉलिवूडच्या युनिव्हर्सल कंपनीने १९३१ सालापासून जे कृष्णधवल राक्षसपट काढले, ते पुन्हा पाहायला घेतले. आधी 'ड्रॅक्युला', मग त्याच वर्षीचा 'फ्रँकेन्स्टाईन'.

मुलगी सोबत बसली होती. ती अजिबात घाबरली नाही. राक्षस पडद्यावर आल्यावर थोड्या वेळाने तिने विचारलं, "अम्मी, हा नुसता गुरगुरतो का? बोलत का नाही?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. म्हणून मेरी शेलीची मूळ कादंबरी पुन्हा काढून वाचली. मेरीने ती १८१६ साली जिनिव्हाजवळ लिहायला घेतली, तेव्हा ती अवघी १८ वर्षांची होती. १८१८ साली पुस्तक छापून आलं, तेव्हा त्यावर लेखिकेचं नावच नव्हतं. आणि आतल्या राक्षसालाही नाव नाही. फ्रँकेन्स्टाईन हे त्याला घडवणाऱ्याचं आडनाव. आपण सगळे ते चुकून राक्षसाला चिकटवतो.

पण कादंबरीतला हा निनावी जीव बोलतो. नुसता बोलत नाही, उत्तम बोलतो. घडवणाऱ्याने टाकून दिल्यावर तो जंगलातल्या एका गरीब कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या खोपटात लपून राहतो. त्या घरात साफी नावाची तरुणी येते. ती एका तुर्की व्यापाऱ्याची मुलगी. तिला फ्रेंच येत नसतं, म्हणून घरातला मुलगा तिला शिकवतो आणि फटीतून पाहत हा राक्षसही तोच धडा गिरवतो. साफीपेक्षा लवकर शिकतो! पुढे मिल्टन आणि प्लुटार्कही वाचतो. दोन भाषा शिकवणाऱ्या माझ्यासारखीला हा भाग कुठल्याही स्मशानाच्या दृश्यापेक्षा जास्त हलवून जातो. वर्गाच्या भिंतीबाहेर बसलेला हा विद्यार्थी, ज्याची हजेरी कुणी घेतलीच नाही.

सिनेमाने त्याची ही भाषा काढून घेतली. आणखीही एक बदल केला. सिनेमात वैज्ञानिकाचा मदतनीस चांगल्या मेंदूची बरणी फोडतो आणि गुन्हेगाराच्या मेंदूची उचलून आणतो. कादंबरीत असं काही नाही. तिथे तो जीव वाईट होतो तो लोकांनी झिडकारल्यामुळे. सिनेमात दोष जन्माआधीच त्याच्या डोक्यात भरून ठेवलेला आहे. 'यांचं रक्तच तसं' हे वाक्य आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेलं आहे, म्हणून ही बरणी मला साधी वाटत नाही.

तरीही दिग्दर्शक जेम्स व्हेल आणि नट बोरिस कार्लॉफ यांनी त्या मुक्या चेहऱ्यात माणूस जिवंत ठेवला. तळ्याकाठी मारिया नावाची छोटी मुलगी राक्षसाला भेटते. ती घाबरत नाही, त्याला फुलं देते. दोघं फुलं पाण्यात सोडतात, ती तरंगतात. हातातली फुलं संपतात तेव्हा मुलगीही तशीच तरंगेल असं समजून तो तिला पाण्यात टाकतो. ती बुडते आणि तो भेदरून पळतो.

हे क्रूर आहे म्हणून सेन्सॉरने त्याला कात्री लावली. मग पडद्यावर काय उरलं? राक्षसाचे हात मुलीकडे सरकतात, तिथेच दृश्य तुटतं. नंतर बाप मेलेल्या लेकीला उचलून गावातून चालत येतो. मधे काय घडलं, हे प्रेक्षकाने आपापल्या मनाने भरायचं. आणि मन अशा वेळी वाईटातलं वाईटच भरतं. एका अजाण जिवाची चूक कात्रीने गुन्हा करून टाकली. कित्येक वर्षं लोकांनी हाच तुटका सिनेमा पाहिला. कापलेला तुकडा परत जोडला गेला तो १९८०च्या दशकात.

कार्लॉफचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट, जन्म १८८७ सालचा, लंडनचा. पण त्याचा एक धागा आपल्या मातीत येतो. त्याच्या आईची आई ही अ‍ॅना लिओनोवेन्स या बाईची सख्खी बहीण. सयामच्या राजवाड्यात शिक्षिका म्हणून गाजलेली ही अ‍ॅना १८३१ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला जन्मली. जगाला मात्र तिने आपला जन्म वेल्सचा सांगितला. तिची आजी भारतीय किंवा अँग्लो-इंडियन असावी, असं चरित्रकार मानतात. त्या काळच्या गोऱ्या समाजात हे लपवणंच सोयीचं होतं. तिच्या बहिणीचा नातू पुढे नाव बदलून जगातला सगळ्यात प्रसिद्ध राक्षस झाला. सिनेमाच्या सुरुवातीच्या नामावलीत राक्षसाच्या पुढे नटाचं नावही नव्हतं, होतं फक्त प्रश्नचिन्ह.

१९३५ साली 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाईन' आला. त्यात राक्षस बोलतो. कार्लॉफला स्वतःला हे पटलं नव्हतं. त्याच्या मते राक्षस मुकाच हवा होता. इतक्या मोठ्या नटाचा मान राखूनही मला इथे व्हेलचं बरोबर वाटतं. कारण त्याला बोलायला शिकवतो कोण, तर जंगलात एकटा राहणारा आंधळा म्हातारा. त्याला हा चेहरा दिसत नाही, म्हणून तो जखमी पाहुण्याला घरात घेतो, जेवू घालतो, देवाचे आभार मानतो. मग एकेक शब्द शिकवतो. भाकरी, चांगलं, मित्र. पुढे दोन शिकारी दारात येतात आणि पाहुणा कोण आहे ते म्हाताऱ्याला सांगतात. घराला आग लागते, म्हाताऱ्याला ओढून नेलं जातं आणि राक्षस आपल्या मित्राला शोधत राहतो.

हे दृश्य पाहताना मला माझाच एक विद्यार्थी आठवला. उर्दू शाळेतून तो आमच्याकडे मराठी माध्यमात आठवीला आला होता. काही विचारलं की खाली मान घालून गप्प. माझ्या मराठीच्या तासाला मराठीच बोलायचं, असा माझा दंडक होता. पहिल्या सत्रानंतर मी त्याच्या प्रगतिपुस्तकात 'उद्धट, उत्तर देत नाही' असा शेरा लिहिला. नंतर एकदा मधल्या सुटीत सहज उर्दूत विचारलं, "बेटा, डब्बा नहीं लाए?" तर पोरगा घंटा होईपर्यंत बोलत राहिला. अब्बांचं आजारपण, घर बदलणं, मराठी वाक्य चुकलं की हसणारी पोरं, सगळं.

मुलीला मी हेच सांगितलं. राक्षस बोलत नाही, कारण त्याच्याशी कुणी बोललेलंच नसतं. तिने विचारलं, "मग तू तो शेरा खोडलास?"

खोडला. पण प्रगतिपुस्तकात खाडाखोड दिसतेच.