आत्मवृत्त आणि रंगभूमी : अर्न्स्ट टोलर

आत्मवृत्तात लेखक स्वतःच साक्षीदार असतो आणि पुष्कळदा न्यायाधीशही. तेच आत्मवृत्त नाटकाला आधार झाले, की त्याची दुसरी जागा प्रेक्षक घेतात. जर्मन ज्यू नाटककार अर्न्स्ट टोलर याच्या बाबतीत नेमके हेच झाले.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि टोलर मायदेशाला कायमचा मुकला. त्याच वर्षी त्याचे ‘जर्मनीतील एक तारुण्य’ हे आत्मवृत्त अ‍ॅमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झाले. जर्मनीत आपल्या पुस्तकांची होळी झाली तो दिवस, अशी नोंद त्याने प्रस्तावनेखाली केली आहे. पहिल्या महायुद्धात हौसेने सैन्यात शिरलेला हा तरुण खंदक खणताना एका प्रेतापाशी अडखळतो, आणि ते प्रेत फ्रेंचाचे की जर्मनाचे, हा प्रश्नच त्याच्यापुरता संपतो. तो शांततावादी होतो. आणि तोच १९१९ च्या एप्रिलमध्ये म्युनिकच्या क्रांतिकारी प्रजासत्ताकाचा अग्रणी होऊन डाखाऊच्या आघाडीवर लाल सेनेचे नेतृत्व करतो! हा पेच तो कोठेही झाकून ठेवीत नाही. पुढे पाच वर्षांचा कारावास. आणि १९२४ मधील सुटकेपाशी पुस्तक संपते.

१९६८ साली टांक्रेड डोर्स्ट याचे ‘टोलर’ हे नाटक श्टुटगार्ट येथे रंगभूमीवर आले. ब्रेख्तच्या तालमीत वाढलेल्या पेटर पालिचने ते बसविले. डोर्स्टने या आत्मवृत्ताबरोबर इतर कागदपत्रांचाही आधार घेतला आणि सलग कथानक न रचता सुटेसुटे प्रवेश जोडले. त्यातला टोलर क्रांतीलाच नाटक समजणारा कवी वाटतो.

यात काय गेले? ‘मी’ गेला. पुस्तकातील मनाची तगमग रंगमंचावर दिसत नाही. दिसतात ती भाषणे आणि हावभाव. मग मिळाले काय? लांडाउअर मे १९१९ मध्ये मारला गेला, लेविने जूनमध्ये गोळ्यांना बळी पडला. त्या दिवसांची आत्मवृत्ते लिहिण्यास ते उरलेच नाहीत. जगलेल्याच्या साक्षीशेजारी मेलेल्यांना उभे करणे, हे काम रंगभूमीच करू शकते.

परंतु १९६८ साली टोलरही हयात नव्हता. २२ मे १९३९ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याने आत्महत्या केली होती. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्यावर आरोप ठेवताना रूपांतरकाराने एक भान राखावे : हिंसेविषयीचा तो पहिला प्रश्न टोलरने स्वतःच स्वतःला विचारलेला होता.