बरे झाले, पण जायचे कुठे?

आमच्या लहानपणी पनवेलात कुणी विचित्र वागले की "याला ठाण्याला पाठवा" असे लोक सहज म्हणून जात. पुण्याकडची मंडळी येरवड्याचे नाव घेत. चेष्टाच ती, पण त्या दोन गावांची मनोरुग्णालये आपल्या भाषेत किती मुरली होती ते त्यातून कळते. ठाण्याचे रुग्णालय १९०१ चे, रत्नागिरीचे त्याहून जुने, १८८६ चे.

पुढे १९१२ चा 'लुनसी ॲक्ट' आला. दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने माणूस आत जाई. तो बरा झाला आणि न्यायला कोणी आलेच नाही, तर तिथेच म्हातारा होई. नवा कायदा १९८७ साली झाला, पण अमलात आला १९९३ मध्ये. म्हणजे इंग्रज गेल्यावरही ४६ वर्षे त्यांचाच कायदा! इटलीने तर १९७८ सालीच, डॉ. बासाग्लिया यांच्या चळवळीमुळे, असली रुग्णालये बंद करायचे ठरवले होते.

आपल्याकडे २०१७ च्या कायद्याचे कलम १९ मला फार महत्त्वाचे वाटते. घरच्यांनी नाकारले, घरच नाही किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणासाठी कुणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही, असे ते सांगते. समाजात राहणे हा त्याचा हक्क आहे.

पण हक्काला छप्पर लागते. महाराष्ट्रात काही बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवले गेले. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवायला सांगितले. एका भिंतीतून दुसऱ्या भिंतीत नेण्याला सुटका कसे म्हणायचे?

आपल्या शेजारी कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची 'श्रद्धा' संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना आपापल्या गावी पोचवते. २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मात्र तिथे गावाचा पत्ता लागावा लागतो आणि घरच्यांनी दार उघडावे लागते.

ज्यांच्यासाठी दारच नाही, त्यांच्यासाठी चेन्नईच्या 'द बनियन' संस्थेने वेगळा मार्ग काढला. चार-पाच जणांनी वस्तीतल्या भाड्याच्या साध्या घरात एकत्र राहायचे, बाजारहाट, स्वयंपाक आपणच करायचा, मदतीला एक कार्यकर्ती. रत्नागिरीकडेही हे काम पोचले आहे. यात सगळ्यात अवघड काय असेल, तर घरमालक मिळणे! आमच्या नवीन पनवेलच्या सोसायट्यांत एकट्या मुलाला खोली देताना छप्पन्न चौकश्या होतात...

वाचकांपैकी कुणी ही घरे प्रत्यक्ष पाहिली असतील तर जरूर लिहा.