परभाषेचे दुहेरी ओझे
मराठीत नामामागून जोडले जाणारे शब्दयोगी अव्यय इंग्रजीत नामापूर्वी येते. तेथील उपपदांस तर मराठीत प्रतिरूपच नाही. तथापि एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्याच्या विद्यार्थ्याची खरी अडचण याहून मोठी होती. परकी भाषा आणि तिच्यातून शिकविला जाणारा नवा विषय, ही दोन्ही त्यास एकदमच आत्मसात करावी लागत. १८४० मध्ये स्थापन झालेल्या शिक्षण मंडळात यावरून तीव्र मतभेद झाले. अध्यक्ष अर्स्किन पेरी यांनी उच्च शिक्षणासाठी इंग्रजीचा पुरस्कार केला. जगन्नाथ शंकरशेट यांचा इंग्रजीच्या अध्ययनास विरोध नव्हता. ज्ञानप्रसाराचे साधन देशी भाषा असावी, हा त्यांचा आग्रह होता. १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने उच्च शिक्षणास इंग्रजी व लोकशिक्षणास देशी भाषा अशी विभागणी केली. या तडजोडीने विद्यार्थ्याचे दुहेरी ओझे मात्र उतरले नाही. ते केवळ वरच्या वर्गांकडे सरकले.