उसन्या विश्वातील कादंबरी : मूल्यमापनाचा एक प्रश्न

चित्रपटाने वा दूरचित्रवाणी-मालिकेने उभारलेल्या विश्वात, त्या विश्वाच्या मालकाच्या परवान्याने लिहिली जाणारी 'अनुबद्ध' कादंबरी समीक्षेच्या दरबारी फारशी प्रतिष्ठित नाही. तिची पात्रे उसनी, भूगोल उसना, आणि पात्रांचे भवितव्यही दुसऱ्याच्या हाती. कलाकृतीच्या स्वायत्ततेवर पोसलेल्या समीक्षेने तिला बाजारू ठरवून बाजूस सारावे, हे समजण्यासारखे आहे. मराठी अभ्यासकाने मात्र हा निवाडा मान्य करण्यापूर्वी स्वतःच्या परंपरेकडे एकवार पाहायला हवे.

या प्रकाराचा इतिहास अल्प आहे, पण उद्बोधक आहे. स्पेस ऑपेरा, म्हणजे आकाशगंगेच्या पटावर साम्राज्ये, युद्धे आणि वीरपुरुष मांडणारी अद्भुतरम्य कथा, हे त्याचे प्रमुख क्षेत्र. 'स्टार ट्रेक'च्या भागांची कथारूपे जेम्स ब्लिश यांनी १९६७ पासून प्रसिद्ध केली आणि १९७० मध्ये त्याच विश्वात 'स्पॉक मस्ट डाय!' ही स्वतंत्र कथानकाची कादंबरी लिहिली. 'स्टार वॉर्स'ची कादंबरी तर चित्रपटाच्या आधीच, १९७६ च्या अखेरीस, जॉर्ज लुकास यांच्या नावाने निघाली. ती लिहिली होती अ‍ॅलन डीन फॉस्टर यांनी. फॉस्टर यांचीच १९७८ ची 'स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय' ही कादंबरी अधिक विचारार्ह आहे. पहिल्या चित्रपटाला बेताचेच यश मिळाले, तर कमी खर्चात दुसरा काढता यावा, या हिशेबाने ती रचलेली होती. तिच्यातील धुक्याने झाकलेला ग्रह हा प्रथमतः काटकसरीचा उपाय आहे. त्या धुक्यात ल्यूक आणि लेया यांच्यातील आकर्षण लेखकाने सूचित केले. १९८३ च्या चित्रपटाने त्या दोघांना भावंडे ठरवले. कादंबरीतील एक अक्षरही बदलले नाही, तरी तिचा अर्थ पार पालटला. संहितेच्या स्थिर अर्थाविषयी संशय घेणाऱ्या सिद्धांतकारांना याहून चोख उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

टिमोथी झान यांच्या 'एअर टू द एम्पायर' (१९९१) या कादंबरीत थ्रॉन नावाचा सेनापती अवतरतो. शत्रूच्या जमातीची चित्रे-शिल्पे अभ्यासून तो तिचे युद्धातील वर्तन ओळखतो. (समीक्षकाला खलनायकाचे पद इतक्या सन्मानाने क्वचितच मिळाले असेल.) २०१४ मध्ये मालक कंपनीने तोवरच्या अनुबद्ध कादंबऱ्यांना 'दंतकथा' हे लेबल लावून त्यांतील घटना अधिकृत इतिहासातून वगळल्या. थ्रॉनही त्यांबरोबर गेला. पण २०१६ मध्ये एका अ‍ॅनिमेशन मालिकेत त्याला परत आणावे लागले आणि २०१७ मध्ये झान यांनीच त्याच्यावर नवी कादंबरी लिहिली.

अशा लेखनाचे मोजमाप कशाने करावे? 'मूळाशी निष्ठा' हा चाहत्यांचा निकष आणि 'मौलिकता' हा समीक्षकांचा; दोन्ही अपुरे आहेत. कुंतकाने 'वक्रोक्तिजीवित'च्या चौथ्या उन्मेषात मांडलेल्या प्रकरणवक्रता आणि प्रबंधवक्रता या कल्पना येथे अधिक उपयोगी पडतात. कवीने पूर्वप्रसिद्ध कथा घेतली आहे, हे तेथे गृहीतच आहे. प्रश्न आहे तो तिच्यात त्याने कोठे वळण दिले याचा. महाभारतातील शकुंतलोपाख्यानात दुर्वासाचा शाप नाही. कालिदासाने तो घातला आणि दुष्यंताच्या विस्मृतीला निराळीच नैतिक छटा आली. 'वेणीसंहारा'त मूळ ग्रंथाचा शांत रस बाजूला राहून वीर रस प्रधान होतो. एकाच कथेवरील अनेक काव्ये परस्परांहून भिन्न असू शकतात, हेही कुंतक मान्य करतो.

मराठी कादंबरीने याच वाटेने मोठे यश मिळवले आहे. 'ययाति'त (१९५९) खांडेकरांनी कचाला पुन्हा कथेत आणले, माधव, अलका, मुकुलिका ही पात्रे नव्याने घडवली. त्या कादंबरीला पुढे ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) शिवाजी सावंतांनी कर्णाबरोबर शोण आणि वृषाली यांनाही बोलते केले. रणजित देसाईंचा 'राधेय' त्याच विश्वात वावरतो. या कृतींवर भावविवशतेचा आक्षेप घेता येईल, आणि तो अनेकदा रास्तही असतो. पण पात्रे उसनी आहेत म्हणून त्या गौण, असे कोणी म्हणत नाही.

येथे एक भेद मात्र पुसून चालणार नाही. महाभारताला मालक नाही. दुर्वासाचा शाप रद्द करण्याचा अधिकार कोणत्याही कंपनीकडे नव्हता, म्हणून तो लोकमानसात मूळ कथेवरही मात करू शकला. झान यांच्या थ्रॉनला परतण्यासाठी मालकाची अनुमती लागली. अनुबद्ध कादंबरीची खरी मर्यादा बहुधा येथे आहे: तिच्या नायकाला मरण्याची, सहसा बदलण्याचीही, मुभा नसते. म्हणूनच या प्रकारातील चांगले लेखक आपली शक्ती कडेच्या पात्रांवर, नव्या शत्रूंवर, अपरिचित ग्रहांवर खर्च करतात, आणि परीक्षकानेही तेथेच पाहावे.

मराठी विज्ञानकथेत असे सामायिक अंतराळविश्व उभे राहिले नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवलेली 'कृष्णविवर' ही कथा पारितोषिकप्राप्त ठरली. स्पर्धा आणि दिवाळी अंक यांत वाढलेल्या या प्रकाराला सुटी, एका कल्पनेवर उभी असलेली कथाच सोयीची होती. मालिकेचे बळ मराठीत दिसते ते रहस्यकथेत, बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडमध्ये, किंवा भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेमध्ये. फेणे १९८७ मध्ये दूरदर्शनवर आणि २०१७ मध्ये चित्रपटात गेला; त्या चित्रपटात तर खुद्द भागवतच पात्र होऊन आले. लेखकालाच आपल्या विश्वात ओढून नेणारी ही प्रकरणवक्रता कुंतकाच्या उदाहरणांत नाही.