तुटलेली लाखेची तबकडी

बंगळुरूच्या चिकपेठेतल्या रविवारच्या जुन्या बाजारात मी मिनिटाला 78 फेरे घेणारी एक तबकडी घेतली. रिक्षातून घरी येईपर्यंत तिचे दोन तुकडे! तुटक्या कडेवर बोट फिरवलं, तर दगडासारखी खरखर लागली.

खरंच, तिच्यात दगडच असतो. लाख, दगडाची पूड आणि काजळी हा तिचा मसाला. पूड मुद्दाम घालत. पोलादी सुई घासून खाचेत नीट बसावी म्हणून.

1902 साली गौहरजान कोलकात्यात गायल्या, पण तबकड्या छापल्या जर्मनीत, हॅनोव्हरला. 1908 मध्ये सियालदहला कारखाना निघाला, पुढे तो डमडमला गेला. इंग्लंडने 78 च्या तबकड्या सोडल्या, तरी भारतात बीटल्सची गाणी तशाच तबकड्यांवर निघत होती!

मग हे सगळं थांबलं. 2024 साली मुंबईत तबकड्या छापणं पुन्हा सुरू झालं. तत्त्व जुनंच: धातूच्या दोन साच्यांमध्ये गरम गोळा दाबायचा आणि थंड करायचा. मात्र गोळा आता लाखेचा नाही, विनाइलचा. ही तबकडी सहसा फुटत नाही.

पण जुना आवाज कारखाना कुठून आणणार? भास्करबुवा बखले 1922 साली गेले. त्यांच्या गाण्याची एकही तबकडी आपल्याकडे नाही. बंगळुरूतच विक्रम संपत यांनी उभारलेल्या संग्रहाने जुन्या तबकड्यांचं डिजिटायझेशन केलं आहे. तुमच्या माळ्यावर 78 ची तबकडी असेल, तर आधी तिची नक्कल करून घ्या. आणि रिक्षातून नेताना मांडीवर धरा.