एका ‘र’ची दोन स्थाने

कुंभकोणम्‌हून मयिलाडुतुरैकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिरुभुवनम् हे रेशमी वस्त्रांसाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. तेथील कंपहरेश्वराचे मंदिर तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने (११७८–१२१८) उभारले. मंदिरातील त्याचा संस्कृत शिलालेख ग्रंथ लिपीत आहे. याचे कारण उघड आहे : तमिळ लिपीत प, ब आणि भ या तिन्ही ध्वनींना एकच अक्षर असल्याने ‘त्रिभुवन’ हा शब्दही तीत यथार्थ लिहिता येत नाही. मात्र जेथे संस्कृतला एकच ‘र’ पुरतो, तेथे तमिळला दोन लागतात. एक ‘तिरु’मधला, तर दुसरा ‘आऱु’ म्हणजे नदी या शब्दातला. याच प्रदेशातील तिरुवैयाऱु या क्षेत्राच्या नावात तो ऐकू येतो. देवनागरीत तो दाखवण्यासाठी ‘र’खाली टिंब देतात.

मराठीतही ‘र’चा एक भेद आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे शब्द उच्चारून पाहावेत. पहिल्यात रफार असून मागील अक्षरावर आघात येतो. दुसऱ्यात तो येत नाही, आणि पापणीसारखा आडवा अर्धा ‘र’ लिहिला जातो. एकात गुरुजन आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. दर्या आणि दऱ्या यांतही हाच भेद आहे.

तमिळ आणि मराठी यांचे हे दोन ‘र’ उगमाने एकमेकांचे कोणी नव्हेत. तंजावरच्या भोसल्यांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर आपला वंशेतिहास मराठीत कोरविला. तेव्हा त्या भाषा शेजारी आल्या. परंतु शिळेवरील लेखाला वाचकाचा डोळा पुरे असतो. संगणकाला मात्र आकृती कळत नाही. त्याला प्रत्येक अक्षराचा क्रमांक हवा असतो.

हे क्रमांक ठरविताना भारतीय लिप्यांसाठीच्या ‘इस्की’ या राष्ट्रीय मानकाने मराठीच्या आडव्या ‘र’ला स्वतंत्र स्थान दिले नाही, टिंबयुक्त ‘ऱ’चे अर्धे रूप तेच आडवा ‘र’, अशी योजना केली. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडची देवनागरी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली आहे. तेथे ०९३१ या स्थानी ‘ऱ’ असून तो द्राविडी ‘र’च्या लिप्यंतरासाठी असल्याची नोंद आहे. अशा रीतीने वऱ्हाडातील ‘र’ तिरुवैयाऱुतील ‘र’च्या घरी राहावयास गेला.

एवढ्यावर भागले असते. पण युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी आणखी एक मार्ग मान्य करण्यात आला : साधा ‘र’, हलन्त चिन्ह आणि त्यापुढे एक अदृश्य संयोजक. दोन्ही मार्गांनी ‘वऱ्हाड’ सारखेच दिसते. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. ग्रंथालयाच्या सूचीत नाव एका पद्धतीने नोंदलेले असेल आणि वाचकाने दुसऱ्या पद्धतीने शोध घेतला, तर यंत्रणेने दोन्ही रूपे एक मानण्याची तरतूद केल्याखेरीज फडताळात असलेले पुस्तक सूचीत सापडणार नाही.

हा पेच केवळ मराठीचा नाही. १९९९ मध्ये युनिकोडमध्ये आलेल्या मंगोल लिपीत डोळ्यांना एकसारखी दिसणारी काही अक्षरे ध्वनिभेदानुसार निरनिराळ्या क्रमांकांवर आहेत. तेथेही दृष्टीला एक असलेला शब्द यंत्राला दोन ठरतो. तिरुभुवनम्‌च्या ग्रंथ लिपीचा वाद निराळा होता. तीत ‘ऱ’सह काही तमिळ अक्षरे घालण्याच्या प्रस्तावावर २०१० मध्ये तमिळनाडू सरकारने आक्षेप घेतला. अखेर २०१४ मध्ये ग्रंथ आणि मोडी या दोन्ही लिप्या युनिकोडमध्ये आल्या; पण ग्रंथाच्या तक्त्यात जेथे ‘ऱ’ यावयाचा, ते घर रिकामे आहे.

अक्षराची ओळख त्याच्या ध्वनीत, आकृतीत की क्रमांकात, या प्रश्नाचे उत्तर कोणी काहीही देवो. मराठीने ते एकदा ठरवून पाळले पाहिजे. कोरलेला शब्द झिजून नाहीसा होतो. संगणकातील शब्द मात्र जसाच्या तसा राहूनही हरवू शकतो.