बांधायचं की बदलायचं?

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या फियाटची आठवण निघाली की लोक छतावरच्या कॅरिअरबद्दल बोलतात, स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांडीबद्दल बोलतात, रंगीबेरंगी सीट कव्हरांबद्दल बोलतात. मागच्या ॲक्सलमधल्या डिफरन्शियलबद्दल कुणी बोलत नाही. माझी हयात मात्र गाडीच्या त्याच भागाखाली गेली. भायखळ्याच्या एका टॅक्सी गॅरेजात उस्तादांच्या हाताखाली हे काम शिकलो आणि पुढे ठाण्यात स्वतःचं गॅरेज काढलं. झिजलेलं डिफरन्शियल बांधायचं, म्हणजे खोलून, दुरुस्त करून तेच पुन्हा जुळवायचं, की बदलायचं, हा प्रश्न या शहरातल्या मेकॅनिकच्या प्रत्येक पिढीपुढे आला आणि प्रत्येक पिढीला त्याचं उत्तर वेगळं द्यावं लागलं. ते का, हे आता लिहून ठेवायला हवं. कारण ज्यांनी ती उत्तरं शोधली त्यांच्यातले बरेच जण आज नाहीत.

वळण घेताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बांधली तर एक घासणार. म्हणून मधे असा गिअरसंच बसवायचा की ताकद दोघांना मिळेल, पण फिरण्याची मोकळीक ज्याची त्याला राहील. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीनं १८२० च्या दशकाच्या शेवटी वाफेच्या गाडीसाठी अशा रचनेचं पेटंट घेतलं. तेव्हा मोटार जन्मालाही आली नव्हती. पुढे मोटारीत याच रचनेला क्राऊन आणि पिनियन जोडले गेले. इंजिनाकडून येणाऱ्या लांब शाफ्टच्या टोकाला छोटा पिनियन आणि तो ज्याला फिरवतो तो ताटाएवढा क्राऊन. गॅरेजात ‘डिफरन्शियल गेलं’ म्हणतात तेव्हा बहुधा ही जोडी तरी गेलेली असते, नाहीतर तिला धरून ठेवणारी बेअरिंगं.

मुंबईत हे यंत्र आधी खोक्यातून आलं. जनरल मोटर्सनं १९२८ साली इथे गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. मागोमाग फोर्ड आली. ॲक्सल, इंजिन, गिअरबॉक्स सगळं बोटीनं यायचं आणि इथे फक्त जोडलं जायचं. त्या काळात श्रीमंताची गाडी बिघडली तर एजंटाकडून नवा भाग मागवायचा, एवढाच मामला. महायुद्धात आयात आटली. युद्ध संपल्यावर लष्कराच्या जीपा आणि ट्रक लिलावात निघाले. उस्ताद सांगायचे, त्यांचे उस्ताद त्या लिलावाच्या मालातून हात शिकले. एका मोडक्या जीपचा पिनियन, दुसरीचं हाऊसिंग, तिसरीची बेअरिंगं असं जमवून गाडी उभी करायची. बांधकामाची ही विद्या कारखान्यातून आलेली नाही, ती टंचाईतून आली.

वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या, त्या आधी क्रायस्लरच्या सहकार्यानं आणि मग फियाटच्या. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशननं सांगितलं, की जे इथे टप्प्याटप्प्यानं सुटे भाग बनवतील त्यांनीच धंद्यात राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड गाशा गुंडाळून गेल्या. १९५४ मध्ये फियाट ११०० आली. तीच पुढे डिलाइट झाली, प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन पुढे, चाकांना ओढ मागून. परवाना राज्यात गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. जिथे गाडीच मिळत नाही तिथे अख्खं डिफरन्शियल नवं कोण देणार? म्हणून त्या पिढीचं उत्तर ठरलेलं होतं: बांधा. मुंब्र्याला क्राऊन-पिनियन बनवणारी भारत गिअर्स ही कंपनी १९७१ साली स्थापन झाली. असे कारखाने उभे राहिले तसतशी देशी जोडी दुकानात दिसू लागली. पण टॅक्सीवाल्याच्या खिशाला ती जड होती आणि एक दिवस गाडी उभी म्हणजे एक दिवसाची रोजी बुडाली.

उस्तादांची तपासणी मी इतक्या वेळा पाहिली आहे, की डोळे मिटून सांगता येईल. आधी स्वतः शेजारी बसून गाडी भायखळा पुलावर न्यायचे. ॲक्सिलरेटर दाबल्यावर आवाज येतो की सोडल्यावर, हे पाहायचं. गाडी ओढताना गुणगुणली तर एक गोष्ट, सोडल्यावर गुणगुणली तर दुसरी, कारण दाताची एक बाजू ओढताना कामाला येते आणि दुसरी सोडताना. फक्त वळणावर कटकट झाली तर क्राऊन-पिनियनला हात लावायचं कारणच नाही, चाकांना मोकळीक देणारे आतले स्टार गिअर किंवा त्यांचे वॉशर गेले. कुठल्याही वेगाला सारखी घरघर असेल तर बेअरिंग. परत आल्यावर जॅक लावून प्रॉपेलर शाफ्ट हातात धरून मागेपुढे हलवायचे, पिनियनला किती प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे ते मनगटानं मोजायचे.

मग ऑईलचा नट खोलायचा. नव्वद नंबरचं ऑईल तसराळ्यात काढून चिमटीत चोळायचं. राखाडी, मऊ, रांगोळीच्या पिठाहून बारीक कीट लागला तर चिंता नाही, एवढी झीज सगळ्यांचीच होते. बोटाला कण टोचला तर तो कण उजेडात धरायचा. त्याला एक सपाट चकचकीत बाजू असेल तर तो दाताचा तुकडा. इथे खरा निर्णय होतो. क्राऊनच्या दाताचं पोलाद फक्त वरवर कडक केलेलं असतं, ती कडक साल साधारण एक मिलिमीटर जाडीची. आतलं पोलाद मुद्दाम मऊ ठेवतात, म्हणजे धक्क्यानं दात मोडत नाही. सालीला खड्डे पडून ती सुटली की आतला मऊ भाग भराभर झिजतो. अशी जोडी बांधणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं, असं उस्ताद मानत आणि मीही मानतो.

दात शाबूत असतील आणि बेअरिंगं गेली असतील, तर मात्र बांधणं हाच शहाणपणा. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. एक बदलून दुसरा ठेवला तर ती गाडी आयुष्यभर रडणार. वापरात तर ते एकमेकांच्या आणखी सवयीचे होतात. म्हणून जुनी जोडी परत बसवताना ती नेमकी पूर्वीच्या जागी बसली पाहिजे. जुने शिम, म्हणजे जागा जुळवणाऱ्या पातळ चकत्या, फेकायचे नाहीत, डाव्या बाजूचे डावीकडे आणि उजव्या बाजूचे उजवीकडे असे तारेत ओवून ठेवायचे.

खात्री करायला उस्ताद शेंदूर वापरत. पूजेच्या सामानाच्या दुकानातून आणलेला, ऑईलमध्ये कालवलेला. क्राऊनच्या पाच-सहा दातांना तो ब्रशनं पातळ लावायचा, एका हातानं क्राऊन अडवून दुसऱ्या हातानं पिनियन फिरवायचा आणि ठसा वाचायचा. ठसा दाताच्या मधोमध, किंचित आतल्या टोकाकडे झुकलेला उमटला पाहिजे. दाताच्या बुडाशी उमटला तर पिनियन जास्त आत घुसलाय, पिनियनमागचे शिम कमी करा. माथ्याशी उमटला तर शिम वाढवा. अगदी आतल्या टोकालाच उमटला तर क्राऊन पिनियनपासून जरा दूर सरकवा. शेवटी दोघांच्या दातांमध्ये मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढी मोकळीक ठेवायची. मी डायल गेज घेऊन आलो तेव्हा उस्तादांनी हातानं बसवलेल्या जोडीवर ते लावून पाहिलं. काटा जिथे थांबायला हवा होता तिथेच थांबला. मॅन्युअल न वाचलेल्या माणसाच्या हातात ही अचूकता होती, आणि ती वर्षानुवर्षं एकच काम मन लावून केल्यानं आली होती.

ऐंशीच्या दशकात उत्तर बदलायला लागलं. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली. तिची पुढची चाकं ओढायची, मागे डिफरन्शियलच नव्हतं. शौकीन लोक फियाट विकायला लागले. जुन्या फियाट टॅक्सीत गेल्या, त्याहून जुन्या कुर्ल्याच्या भंगारात. आता कुर्ला-कलिन्याच्या बाजारातून चालू स्थितीतलं अख्खं डिफरन्शियल उचलून आणता येऊ लागलं. सकाळी खोललं की संध्याकाळी गाडी रस्त्यावर. बेअरिंग, सील आणि मजुरीचा हिशेब केला तर हे स्वस्तही पडे. अनेकांनी बांधणं सोडून दिलं.

पण त्यात दोन खाचा होत्या. पहिली म्हणजे आवाज दाबण्याची जुनी लबाडी. ऑईलमध्ये लाकडाचा भुसा घातला की रडणारं डिफरन्शियल चार दिवस गप्प बसतं. म्हणून उस्ताद भंगारातला माल ऑईल काढून, बोट घालून बघितल्याशिवाय पैसे देत नसत.

दुसरी खाच मला जास्त महत्त्वाची वाटते. टॅक्सीच्या जुन्या मीटरची केबल गिअरबॉक्सवरून चालायची, म्हणजे डिफरन्शियलच्या अलीकडून. क्राऊनला ४१ दात आणि पिनियनला ९ असतील, तर चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट साडेचारपेक्षा थोडे जास्त फेरे घेतो. पिनियन ८ दातांचा आला तर तोच शाफ्ट पाचाहून जास्त फेरे घेणार आणि मीटर पळणार. अंतर तेवढंच, भाडं जास्त, आणि ड्रायव्हरला त्याचा पत्ताही नाही. म्हणून बदली माल आला की आमच्या गॅरेजात पहिलं काम दात मोजण्याचं. खडूनं एका दातावर खूण करून उस्ताद मोठ्यानं मोजायचे आणि मी मागून मोजायचो. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून. मागच्या सीटवर बसणाऱ्या अनोळखी माणसाचे पैसे त्या मोजणीवर अवलंबून होते.

२००० नंतर न्यायालयाच्या आदेशानं टॅक्सी सीएनजीवर गेल्या. डिकीत सिलिंडर आला, सामान छतावर गेलं, आणि सिलिंडरचा भार मागच्या ॲक्सलवर कायमचा बसला. पद्मिनीचं उत्पादन तोवर थांबलं होतं.

मग २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतरचे आठवडे आम्ही पाण्यात बुडालेल्या गाड्यांचेच नट खोलत होतो. ॲक्सलला वर एक बारीक ब्रीदर असतो. चालून तापलेलं हाऊसिंग थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि त्या भोकातून पाणी आत ओढलं जातं. ऑईल काढलं तर चहाच्या रंगाचं, फेसाळ. ज्यांनी ते लगेच काढून, धुऊन, नवं भरलं त्यांचं काम भागलं. ज्यांनी गाडी वाळली म्हणून तशीच चालवली त्यांच्या बेअरिंगांवर गंज चढला. दिवाळीपर्यंत ती घरघरायला लागली, पुढे प्ले वाढून चांगले दातही गेले. त्या काळात भंगार बाजारातला मालही पाण्यातून निघालेलाच असायचा. तेव्हा बदलण्याचा रस्ता बेभरवशाचा झाला आणि ज्यांना बांधता येत होतं त्यांच्याकडे पुन्हा रांगा लागल्या. उस्ताद तेव्हा थकले होते. खुर्चीत बसून ठसा बघायचे आणि शिम किती काढायचा ते बोटानं दाखवायचे.

शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मुदत, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांनी तिला निरोप दिला, तो योग्यच होता. पण तिच्यासोबत शेंदराचा ठसा वाचणारे हातही कमी झाले, त्याची बातमी झाली नाही.

काम मात्र संपलेलं नाही. भाजीचा टेम्पो, दुधाची पिकअप, गावाकडची बोलेरो, छोटा हत्ती या सगळ्यांच्या मागच्या चाकांना आजही डिफरन्शियलच फिरवतं. आज अख्खं नवं डिफरन्शियल फोनवर मागवता येतं आणि बहुतेक ठिकाणी न खोलताच ‘पूर्ण बदला’ म्हणून सांगतात. कधी ते बरोबरही असतं. हाऊसिंगला तडा गेला असेल, दाताची साल सुटली असेल, किंवा बेअरिंगच्या बैठकीचं भोक मोठं झालं असेल, तर बदलाच. पण नुसता आवाज येतो म्हणून बदलू नका. तुमच्या गाडीचं डिफरन्शियल गुणगुणायला लागलं तर आधी ऑईल काढून बघा, मग ते खोलायला लावा आणि क्राऊनचे दात स्वतःच्या डोळ्यांनी, उजेडात बघा. दात गुळगुळीत आणि अखंड असतील तर बेअरिंग आणि सील नवे घालून, जुने शिम जागच्या जागी ठेवून तेच बांधून घ्या. ते काम जमणारा मेकॅनिक तुमच्या गावात असेल तर त्याला मजुरीत घासाघीस न करता पूर्ण पैसे द्या, आणि त्याच्या हाताखाली एखादा पोरगा आहे की नाही तेही विचारा.